सावडीतला बैल

आपलं पॅनेल निवडून आलं, तर हैबतीच्या पदरात दोनच गोष्टी पडणार होत्या: गोठ्यापुढं सिमेंटचा रस्ता आणि पारावर मान. एवढ्यासाठी त्यानं गुणाजीशी वीस वर्षांची सावड मोडली. दोघांकडं एकेकच बैल. डोंगरउतारावर ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून बैलांची जोडी करून दोघांची रानं नांगरायची. "विरोधी पॅनेलवाल्याचा बैल माझ्या जुवाला नको," हैबती पारावर बोलला. टाळ्याही पडल्या.

पॅनेल आलं, रस्ताही झाला. हैबतीला मात्र झोप लागेना. "अवो, निवडणूक सरली. आता मनातल्या मनात कुणाशी भांडताय?" बायको म्हणाली.

एका सकाळी दावं तोडून हैबतीचा बैल गुणाजीच्या दारात, त्याच्या बैलाची मान चाटत उभा राहिला. "तुझ्यापरीस शहाणा हाय. ने त्याला," मागोमाग आलेल्या हैबतीला गुणाजी म्हणाला. हैबतीच्या ओठांवर 'चुकलो' आलं. पण पॅनेलवाले बघत होते. त्यानं कासरा ओढला.

नव्या रस्त्यावर बैल डाव्या कडेनंच चालला, जोडीदारापुरती जागा सोडून. रस्ता एकाच्या दारात आला; रानं दोघांचीही पडीक राहिली.