सांबराच्या मानेवर

रानातल्या जनावरांसाठी ठेवलेल्या चाटणावरचं मीठ ओलं झालं होतं. बायकोच्या पिशवीतल्या दिगंबरच्या मोबाइलवर अजून वाढदिवसाचे मेसेज येत होते. सांबराच्या मानेवर माणसाच्या कातडीची गाठ होती.

भाजलेल्यांसाठी त्यांचीच कातडी आता रानातल्या हरणांच्या अंगावर वाढवत. दिगंबरची कातडी तयार होण्याआधीच तो गेला. कातडी मात्र जगली, वाढतच राहिली.

"ताई, आता काढाच लागते," वनरक्षक मडावी दिगंबरच्या बायकोला म्हणाले. "पाणी प्याले मान वाकवता येत नाही त्याले."

"अजून एक महिना?" शोभनाने विचारलं.

"ते सांबराले विचारा. मागच्या महिन्यातही तुम्ही हेच म्हणाल्या."

गुंगीचं इंजेक्शन दिलेलं सांबर झाडाखाली पडून होतं. शोभनाने गाठीवर तळहात ठेवला. गाठ उबदार होती आणि तिच्यावर दिगंबरच्या हातावर असत तसेच काळे, आडवे केस होते. तिने हलकेच फुंकर घातली. कातडीवर शहारा उमटला.

"असंच व्हायचं त्याला," ती म्हणाली.

मडावींनी सुरी बाहेर काढली.

"काढा," शोभना म्हणाली. पण हात तिने उचलला नाही, आणि मडावी सुरी धरून थांबून राहिले.

दिगंबरला जनावरांची भीती वाटायची.