बिनमेणाचा पिकअप

आपल्या गिटार-दुरुस्तीच्या दुकानात लोर्नाने आर्नेलच्या गिटारच्या तारांजवळ तोंड नेऊन फुंकर मारली, आणि कोपऱ्यातल्या स्पीकरनेही फुंकर मारली.

"मेण नाही ना आत. भोचक आहे तुझा पिकअप, सगळ्यांचं ऐकत बसतो," ती म्हणाली.

आर्नेल हसला नाही. तारांचा आवाज पकडून स्पीकरला देणारा तो तारांखालचा पिकअप त्याच्या वडिलांनी स्वतः गुंडाळला होता, ओलोंगापो बंदरातल्या बारमध्ये अमेरिकन खलाशांपुढे वाजवायचे तेव्हा. तांब्याची बारीक तार चुंबकाभोवती गुंडाळून झाली की पिकअप वितळलेल्या मेणात बुडवतात, म्हणजे वेढे हलत नाहीत आणि बाहेरचे आवाज आत शिरत नाहीत. त्यांनी बुडवला नाही. मेणाने सूर गुदमरतो म्हणायचे. आता आवाज चढवला की तो किंचाळायचा, आणि बँडच्या म्होरक्याने आर्नेलला बजावलं होतं की उद्या जत्रेत किंचाळला तर दुसरा गिटारवाला बघतो.

म्हणून लोर्नाने जुन्या शिलाई मशीनवर नवा पिकअप गुंडाळला होता. आर्नेलने आधी तो लावून वाजवला. गिटारवाले दोन पिकअपांची तुलना दोन सुनांसारखी करतात, तसं बघितलं तर ही नवी सून गुणी होती. आवाज भरीव, कुठे खरखर नाही. पण बोट हळू लागो की जोरात, उत्तर साधारण एकच.

मग जुना लावला. तो पातळ, तिखट. पण बोट नुसतं टेकलं तरी त्याला कळायचं. आणि सुरांच्या मागे कुणीतरी गुणगुणत होतं.

दुकानात तिघंच होती आणि तिघांचीही तोंडं मिटलेली होती. कान देऊनही खोलीत काही ऐकू येत नव्हतं. जे येत होतं ते स्पीकरमधून.

दाराजवळच्या बाकावर आर्नेलची आई, पासिंग, बसली होती. तिला त्याने हा आवाज ओळखायला मुद्दाम आणलं होतं. ज्वालामुखीची राख पडली त्या वर्षी छप्पर कोसळून नवरा गेला, तेव्हा आर्नेल रांगत होता. वडिलांचा आवाज म्हणून त्याला हे गुणगुणणंच ठाऊक होतं, आणि तेही अंदाजाने.

"त्यांचाच आहे. वरच्या सुराला घसरायचे, तसेच घसरले बघ," आई म्हणाली. तिला रडू आलं, आणि रडतारडता हसूही आलं.

आर्नेलच्या जिवाला बरं वाटलं. जुन्याला मेण लावायचं नाही हे त्याने ठरवूनच टाकलं. लावलं तर बाबा कायमचे गप्प होतील. नवा पिकअप गिटारला, आणि जुना फडक्यात गुंडाळून घरात मूर्तीशेजारी. सूर गेला तर गेला, बाबा तर आत राहतील.

लोर्नाच्या हातातला स्क्रू खाली पडला, तो तिने उचलला नाही.

"आर्नेल, ही कॅसेट नाही रे. तारेत काही साठून राहत नाही. समोर जो असतो त्याचाच आवाज येतो, आणि असतो तेवढा वेळच," ती हळू म्हणाली.

आर्नेलने तारांवरून हात काढला. तारा थांबल्या. गुणगुणणं मात्र जरा वेळ चालूच राहिलं, मग ओळ पूर्ण करून थांबलं. गिटारच्या पुढ्यात रिकामी जागा होती. तिकडे बघायची लोर्नाची छाती झाली नाही, आर्नेलचीही नाही.

आईने डोळे पुसले.

"मग बुडव त्या जुन्याला मेणात," ती लोर्नाला म्हणाली, "आणि तोच लाव."

मग ती बाकावर भिंतीपर्यंत सरकली आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बसा आता," ती म्हणाली. "केव्हाचे उभे आहात."