खाडीचं मोल

"खाडी स्वच्छ व्हावी म्हणून महिन्याला किती रुपये द्याल?" मी सर्वेक्षणाच्या फॉर्मवरचा प्रश्न वाचला.

चांगुणामावशी गुडघाभर चिखलात तिसऱ्यांचे शिंपले वेचत होती. "घाण कारखान्याने करायची आणि पैसे मी द्यायचे? एक रुपया देणार नाही, बाय!"

फॉर्मवर रागाला रकाना नव्हता. मी शून्य लिहिलं.

निघताना तिने टोपलीतल्या निम्म्या तिसऱ्या माझ्या डब्यात ओतल्या. मी पाकीट काढताच ती खेकसली, "खाडीवर आलेल्या पोरीकडून पैसे घेऊ?"

वर्षाने पुन्हा गेले, तेव्हा पंचायतीच्या फळ्यावरचा अहवाल मावशीने मलाच वाचायला लावला. 'गावकऱ्यांच्या लेखी खाडीचं मूल्य शून्य. सबब कारखाना वाढवायला हरकत नाही.'

"असं कोणत्या मेल्यानं सांगितलं?"

खाली सर्वेक्षक म्हणून माझंच नाव होतं. तेवढं मी वाचलं नाही.