न बदलणारी माहिती

महाडच्या एका वधूवर मंडळाची वेबसाइट फार रखडायची. शोधायला एक अक्षर टाइप केलं, तरी पान प्रत्येक स्थळाची सगळी माहिती बदलली का, ते पुन्हा तपासायचं. ती वेबसाइट सांभाळणाऱ्या सारिकाला दुसऱ्या दिवशी बघायला पोलादपूरहून पाहुणे येणार होते, म्हणून तिने दुरुस्तीचं काम आजच उरकलं. नाव, गाव, उंची बदलत नाही, म्हणून त्यांची तपासणी तिने बंद केली.

पान झटकन उघडलं. मंडळ चालवणारे गोमाजीकाका खूश झाले.

"वयाचं पण बंद कर गो."

"काका, वय दरवर्षी वाढतं."

"पोरींचं वाढतं. तो पोलादपूरचा साहिल बघ, पाच वर्सं एकोणतीसचाच हाय."



सारिकाने घरी फोन लावला. "आई, उद्याचे पोहे राहू देत. साहिलला म्हणावं, तिशी गाठली की ये बघायला."