डाव्या हातातलं निळं फूल

लेओनीने नवऱ्याचा सदरा नाकाशी धरला, बाह्या उलटसुलट करून पाहिल्या. लांब केस नाही, अत्तराचा वास नाही, रंगाचा ठिपकासुद्धा नाही.

"मेला बगळ्यासारखा स्वच्छ येतो घरी!" तिने सदरा धुणेवाल्या कोलेताच्या टोपलीत भिरकावला. "इतका स्वच्छ पुरुष म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतोय."

"उगाच संशय घेता, बाई," इस्त्री फिरवत कोलेता म्हणाली. नीळ कालवून कालवून तिची नखं कायमची निळी झाली होती.

"उगाच? अख्खं गेंट शहर त्या सटवीवर लट्टू झालंय!"

तेही खोटं नव्हतं. तिचा नवरा ओदिलोन चित्रकार, आणि त्याच्या प्रत्येक चित्रात तीच बाई. लेई नदीचं ऊन पाठीवर, टोपीच्या सावलीत बुडालेला चेहरा आणि उचललेल्या डाव्या हाताच्या चिमटीत जवसाचं निळं फूल. ऊन तर असं, की बघणाऱ्याने डोळे बारीक करावेत. बायकोचं चित्र मात्र त्याने कधीच काढलं नाही.

"माझ्यात काय खोट आहे गं, कोलेता?" लेओनीने विचारलं. "एकदा तरी मला समोर बसवायचं होतं."

कोलेताने पुढचा सदरा इस्त्रीला घेतला.

लेओनीने गावभर डावखुरी शोधली. पाववाल्याची सून डावखुरी निघाली, तिच्याशी बोलणं तोडलं. शिंप्याच्या बहिणीवर तर भर चौकात बादली ओतली. कोलेता चांगली उजव्या हाताची. गावात विश्वासाची अशी तेवढीच उरली.

"दर रविवारी चित्र काढायला जातो ना, त्या नदीवर मी एकदा जाणारच," लेओनी म्हणाली.

"नका जाऊ, बाई. धाग्यासाठी पाण्यात जवस कुजत घातलाय, घाण वास मारतो."

"घरात मारतो त्याहून बरा!"

रविवारी कुणाला न सांगता, खिशात कात्री घालून ती निघाली. चित्राच्या चिंध्या करायच्या आणि जमलं तर त्या सटवीच्या झिंज्याही कापायच्या, असं तिने ठरवलंच होतं. लव्हाळ्याआडून तिने डोकावलं.

टोपीवाली तिच्याकडे पाठ करून उभी होती. समोर ओदिलोन मोठा आरसा धरून बसला होता, जांभया देत.

"हलू नका हो!" टोपीवाली खेकसली.

आरशातल्या बाईने डावा हात उचलला. आरशाबाहेरच्या बाईचा उजवा हात शेजारच्या चित्राकडे गेला. निळ्या नखांच्या चिमटीत फूल नव्हतं, कुंचला होता.

शेवटचा ठिपका देऊन कोलेताने तो कुंचला ओदिलोनपुढे धरला.

"घ्या मालक, सही तेवढी करा. आणि बाह्या सांभाळा."