तीन रेघांत बायको

माणसाचं सगळं सत्य तीन रेघांत मावतं, असं चित्रकाराचं ठाम मत होतं. त्याच्या बायकोचे कपडे मात्र दोन बॅगांतही मावत नव्हते. ती दुसरीवर गुडघा रोवून चेन ओढत होती.

तो सोफ्यावर, टॅबलेट मांडीवर घेऊन. जपानी हायकू वाचायला लागल्यापासून त्यानं रंग सोडले होते, सावल्याही. तीन ओळींची कविता, तसं तीन रेघांचं माणूस. आधी सगळं काढायचं, मग एकेक रेघ खोडत जायचं.

चेन लागली. ती दमून बॅगेवरच बसली, त्याच्यासमोर पण त्याच्याकडे न बघता.

"हलू नकोस," तो म्हणाला.

ती हलली नाही. सवय, दुसरं काय.

"टॅक्सी येतेच आहे," ती दाराकडे बघत म्हणाली. "ताईला सांगितलंय, जेवायला येते. राहायला आलेय हे जेवण झाल्यावर सांगेन."

त्यानं बॅग खोडली. बॅग गेल्यावर चित्रातली बाई कुठं निघाल्यासारखी दिसेना. त्याला जरा बरं वाटलं.

ती उठली आणि त्याच्या खांद्यावरून डोकावली.

"आणि माझं तोंड?"

"गाळलंय. ते बघणाऱ्यानं आपल्या मनानं भरायचं."

"अरे, लग्न झाल्यापासून तेच करतेय. तू बोलत नाहीस, मी आपल्या मनानं भरते. आज तू बोल. एक वाक्य. थांबते मी."

खाली हॉर्न वाजला.

वाक्य त्याच्यापाशी तयार होतं. 'जाऊ नकोस.' हायकूहूनही आटोपशीर. पण सगळं सांगून टाकलं की उरतं काय, हे त्याचं तत्त्व. तो गप्प राहिला आणि ती गाळलेली जागा तिला दिसेल या आशेनं तिच्याकडे बघत राहिला.

"बरं," ती म्हणाली आणि बॅगा ओढत निघून गेली.

दार लागल्यावर त्यानं ते वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. चांगलं जमलं होतं.

मग त्यानं पुन्हा पेन उचललं आणि तिचं तोंड काढायला घेतलं. कपाळ झालं, भुवया झाल्या. डोळ्यांपाशी आला आणि टॅबलेट बंद पडला.

चार्जर तिचा होता.