मागच्या भिंतीतला चेलो

भरलेल्या सभागृहात प्रतिध्वनी उरत नाही. माणसांच्या अंगावरचे कपडे तो पिऊन टाकतात. इथली ध्वनिव्यवस्था मीच आयुष्यभर सांभाळली, म्हणून हे खात्रीने सांगतो.

आज चेलोवर माझी लेक होती, मागे पूर्ण वाद्यवृंद, आणि रचना एकोणिसाव्या शतकातली, विरहाने भिजलेली. सततच्या दौऱ्यांनी लेक पार पिचली होती.

"बाबा, एवढं वाजवलं की मी झोपणार. कुणी उठवायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"आधी वाजव तर खरं, चिमणे. मग हो कुंभकर्ण."

मी शेवटच्या रांगेमागे, थकलेली पाठ भिंतीला टेकवून उभा राहिलो. संथ भाग सुरू झाला, आणि चेलो मला भिंतीतूनही ऐकू येऊ लागला. पुढची ओळ भिंतीतून किंचित आधी आली. त्यानंतर तर लेकीचा गज तारेला टेकण्यापूर्वीच अख्खी ओळ भिंतीत वाजून जाऊ लागली. श्रोते डोळे मिटून स्वस्थ बसले होते.

मग भिंतीतला चेलो एका स्वरावर मध्येच तुटला. चेलोचे लाकूड जमिनीवर आदळले. पाठोपाठ भिंतीतून माझाच आवाज आला, "चिमणे!"

मंचावर लेक त्या स्वराकडे शांतपणे वाजवत चालली होती.

मी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरले.